चौथ्या जागेचे बाण

बाण चार सेंटीमीटर लांब होता आणि त्याचं टोक काळ्या सालीकडे होतं. ड्रिलनं खडकातून काढलेल्या कांडीचा व्यास अडीच सेंटीमीटर, रंग आतून करडा, मधोमध तांबडी शीर. एका टोकाला कापलेला सपाट, ओलसर दिसणारा कातळ आणि दुसऱ्या टोकाला ती साल, ओढ्याच्या, तिकडच्या भाषेत पऱ्याच्या, पाण्यानं शतकानुशतकं घासून काळी, गुळगुळीत केलेली, नखाच्या जाडीची. साल म्हणजे वरची बाजू. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. खडकाला साल उघड्या अंगावरच धरते. बाणाची रेघ पितळी तारेनं ओढलेली होती, तिच्यावरून मार्करनं गिरवलेलं होतं आणि बाणाचे दोन्ही काटे नीट, सारखे काढलेले होते, घाईत काढल्यासारखे नव्हते. करुणानं कांडी टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर ठेवली आणि डब्यातून दुसरी काढली. दुसरीवरचा बाणही सालीकडे. तिसरीवरचाही. पत्र्याच्या त्या बिस्किटांच्या डब्यात नऊ शेंड्या होत्या, चौथ्या जागेच्या नऊ कांड्यांच्या कापून उरलेल्या, आणि नऊच्या नऊ बाण वर, आभाळाकडे होते. ते जमिनीत शिरणारे असायला हवे होते. प्रयोगशाळेचा नियम तसा होता, तिचाही तसाच होता, बाण नेहमी खडकात शिरतो.

हे तिला कळून सव्वीस दिवस झाले होते. तपासणी समिती येणार म्हणून कॉलेजच्या भूशास्त्र विभागाची कपाटं रिकामी करताना डबा हाताशी आला होता. आत काय आहे म्हणून सहज झाकण काढलं, एक शेंडी उचलली, आणि उचललेला हात तसाच राहिला. शेजारी शिपाई रजिस्टरांचे गठ्ठे बांधत होता. तो म्हणाला, "मॅडम, ते दगड टाकायचे का?" ती म्हणाली, "नको, राहू देत," आणि स्वतःच्या आवाजातला शांतपणा ऐकून तिला भीती वाटली. तेव्हापासून ती रोज सकाळी पहिला तास सुरू होण्याआधी डबा उघडायची, नऊ शेंड्या कागदावर ओळीनं मांडायची आणि पुन्हा बघायची. एखादा तरी बाण उलटा निघेल, म्हणजे खरं तर सुलटा निघेल, असं तिला वाटत असे. एक जरी तसा निघाला असता, तर बाकीच्या आठांबद्दल शंका घेता आली असती. कुणी गोंधळलं असेल, कापताना अदलाबदल झाली असेल. पण ज्यानं कुणी हे बाण काढले होते तो अजिबात गोंधळलेला नव्हता. त्यानं नऊ वेळा तेच केलं होतं, मन लावून.

आज शेवटचा दिवस होता. दुपारी तीन वाजता शहरातल्या सरकारी सभागृहात हातकोंडच्या तलावाची जनसुनावणी होती आणि तज्ज्ञ म्हणून तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. तिच्याच अहवालातलं शेवटचं वाक्य. 'सदर भ्रंश सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच लोहखनिजांनी पूर्णपणे बुजलेला असून त्यानंतर त्यातून द्रवाचे वहन झाल्याचा पुरावा आढळत नाही.' सहा वर्षांपूर्वी हे वाक्य लिहिताना तिनं 'पूर्णपणे' हा शब्द एकदा खोडला होता आणि पुन्हा लिहिला होता.

वर्गात ती हा विषय फार सोपा करून सांगत असे. जमिनीत भेग पडते, भेगेच्या दोन्ही अंगांचा खडक एकमेकांपासून सरकतो, त्याला भ्रंश म्हणायचं. त्या भेगेतून खोलवरचं गरम पाणी वर येतं, येताना लोखंड विरघळवून आणतं आणि थंड होता होता ते भिंतींवर सोडून जातं, तांबड्या गंजासारखं. तो गंज धरतो तेव्हा त्याचा कण न् कण पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून बसतो, आणि एकदा बसला की उठत नाही. एक सुई मधोमध टांगून मोकळी सोडली, तर रत्नागिरीत ती उत्तरेकडे वळते आणि नाक जमिनीत खुपसते. हजारो वर्षांची सरासरी काढली तर एकतीस अंश. विषुववृत्तावर ती आडवी राहते. दक्षिणेला गेलं की उत्तरेकडचं टोक आभाळात जातं. आपली भूमी एके काळी विषुववृत्ताच्या खाली होती आणि सरकत सरकत इथे आली. त्यामुळे गंजातली सुई वर बघत असेल तर पाणी तेव्हा वाहिलं, खाली बघत असेल तर ते इथे आल्यावर, भूशास्त्राच्या हिशेबात काल-परवा. मुलांना हे आवडायचं. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, म्हणजे दगड खोटं बोलत नाही?" करुणा म्हणाली होती, "दगड नाही बोलत. दगडावर खूण आपण करतो." आता ते वाक्य तिला पाठ केल्यासारखं आठवत होतं.

चौथ्या जागेच्या, म्हणजे भेग जिथे पऱ्यात उघडी पडते तिथल्या, नऊ कांड्यांमधली सुई एकोणतीस अंश वर निघाली होती. मुंबईच्या संस्थेतल्या त्या यंत्रखोलीत, जिथे घड्याळ आणि किल्ल्यासुद्धा बाहेर ठेवाव्या लागत, तिनं साल कापून टाकलेले, फक्त बाण असलेले तुकडे टप्प्याटप्प्यानं सहाशेचाळीस अंशांपर्यंत तापवले होते, आणि ती दिशा शेवटपर्यंत हटली नव्हती. वर एकोणतीस, म्हणजे विषुववृत्ताच्या सोळा अंश खाली, म्हणजे साडेपाच कोटी वर्षं. आकडा इतका चोख बसला की तिला रडू आलं होतं. आता बाण फिरवायचा म्हणजे गणितात दोन चिन्हं बदलायची एवढंच होतं. कांड्या उभ्या काढलेल्या, रेघ उत्तरेच्या अंगाला. उत्तर तिथेच राहते, वरचं खाली होतं. खाली एकोणतीस. म्हणजे इथेच, याच डोंगरात, आजच्या सुईखाली. तिनं हे गणित सव्वीस दिवसांत एकदाच केलं होतं आणि फाईल जतन न करता बंद केली होती.

अकराच्या सुमारास तिनं एक शेंडी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली, डबा कपाटात ठेवला आणि रिक्षा करून नाचणे गावाच्या पुढे भागोजीकडे गेली. भागोजी विभागात प्रयोगशाळा परिचर होता, त्याआधी पंधरा वर्षं बोअरिंगच्या गाडीवर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. सडे, पऱ्ये, घाट, सगळीकडे ड्रिलचं यंत्र खांद्यावर मारून तो तिच्यापुढे चालत आला होता. त्याला विचारलं की संपलं, हे तिला माहीत होतं, म्हणूनच सव्वीस दिवस ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. अंगणात त्याची बायको तुळसा सुपात रातांब्यांची सालं पसरत होती, हात कोपरापर्यंत लाल.

"या मॅडम, या. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात," तुळसा म्हणाली. "अहो, बगा कोण आलंय. तुमच्या दगडवाल्या."

भागोजी लुंगी सावरत बाहेर आला. तो वाळला होता, पण मनगटं तशीच जाड होती. त्यानं खुर्ची आणली, पुसली आणि अंगणातल्या एका ठरावीक जागी ठेवली.

"तोंड उत्तरेला करून ठेवली बगा," तुळसा म्हणाली. "निजायला चटई टाकतील ती पण सुई बगून. येवढी वर्सं दगडांत काढली, आता सुटतंय व्हय."

"गप गो," भागोजी म्हणाला. "त्यांना सरबत दे."

करुणानं सरबत हातात धरून ठेवलं. गार पेला, बाहेरून घाम आलेला. तिनं ठरवलं होतं की आधी तब्येत विचारायची, पेन्शनचं विचारायचं, मग ओघात. पण तिचा हात पर्समध्ये गेला आणि रुमाल सुटला. "भागोजी, हे ओळखता?"

त्यानं शेंडी घेतली, उन्हात धरली, अंगठा सालीवरून फिरवला. त्याचा चेहरा उजळला. "हातकोंडचा पऱ्या. चार नंबर. त्या दिवशी तुमी नव्हतात. आय पडली होती तुमची."

"हो."

"मी येकट्यानं नऊ काढल्या. येक पण मोडली नाय. तुमी फोनवर म्हणालात, भागोजी, आज तुमीच करा. मी म्हटलं, आता आपल्यावर हाय, हयगय नको."

"आणि बाण?"

"बाण तुमीच काढायचात रोज, कागदावर वाकून, माझ्याकडं पाठ करून. मला रेघेचं सांगितलं होतंत, रेघ उत्तरेला. बाणाचं कधी बोलला नव्हतात." त्यानं शेंडी तिच्यासमोर उभी धरली, साल वर. "मग मी आमच्या बोअरिंगच्या रीतीनं मारला. बाण वर. पाणी खालनं वर येतं ना, मॅडम. खाली कशाला मारील कोण? का, काय चुकलं का?"

अंगणात एक कावळा सुपाजवळ उतरला आणि तुळसेनं त्याला हाताच्या लाल तळव्यानं हुसकलं. करुणानं सरबताचा घोट घेतला. आंबट, जिऱ्याचा. भागोजी तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात काळजी नव्हती, उत्सुकता होती; उत्तरपत्रिका दिल्यावर मूल बघतं तशी. त्यानं नऊ कांड्या न मोडता काढल्या होत्या. पाणी खालून वर येतं हे त्यानं नऊ वेळा दगडावर लिहून ठेवलं होतं, आणि तिनं ते नऊ वेळा उलटं वाचलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही. फार सुबक आहेत."

"बग," तो तुळसेला म्हणाला.

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं तिथे एकही खोटा शब्द उच्चारला नाही. याचा आधार वाटायला हवा होता. वाटला नाही. रिक्षा उताराला लागली, डाव्या हाताला दोन घरांच्या मधून समुद्राची एक पट्टी दिसली आणि गेली. आई पडली तो दिवस मार्चमधला होता, आणि त्याच्या आदल्या रात्री करुणा हातकोंडला आईच्या घरी, वाडीतच झोपली होती, कारण पऱ्याची चौथी जागा वाडीपासून चालत वीस मिनिटांवर. सकाळी आई पाण्याला गेली. वाडीतल्या सगळ्याच बाया मार्च लागला की पऱ्याच्या वरच्या झऱ्यावर जात, कातळात खोदलेल्या बावीस पायऱ्या, डोक्यावर हंडा, त्यावर कळशी. करुणानं म्हटलं होतं, "आय, आज मी जाते." तिची आई नंदा म्हणाली होती, "तू तुझे दगड बग. तुला भरलेला हंडा पेलत नाय आता, पुस्तकं उचलून मान वाकडी झाली तुझी." ती हसत गेली. अठराव्या पायरीवर पाय सरकला. माकडहाड नव्हे, खुब्याचं हाड. झोळीतून रस्त्यापर्यंत, रस्त्यावरून जीपनं रत्नागिरीला. त्या झोळीचं एक टोक करुणाच्या खांद्यावर होतं आणि भागोजीला तिनं जीपमधूनच फोन केला होता. आज तुम्हीच करा. आई नंतर चौदा महिने अंथरुणावर होती, मग गेली, आणि त्या चौदा महिन्यांत वाडीच्या वरच्या घळीत तलाव बांधायचा हे तिच्या भावानं, प्रज्ञेशनं, मनावर घेतलं. तलाव झाला तर नळ पहिल्यांदा त्यांच्या बौद्धवाडीला येणार होता, कारण घळीच्या पायथ्याशी पहिली वाडी तीच. आजवर जे काही आलं, रस्ता, वीज, नळाची जुनी लाईन, ते वरच्या वाड्या करत करत शेवटी त्यांच्यापर्यंत पोचे, पोचलं तर. हे पहिल्यांदाच उलटं होणार होतं. आणि भिंत फुटली तर पाणीही पहिलं त्यांच्याकडेच येणार होतं. त्रेचाळीस घरं. घळीच्या तोंडाशी भिंत, भिंतीच्या पायाखाली ती भेग, आणि भेग उघडी असेल तर तलावाचं पाणी तिच्यातून भिंतीखाली शिरणार, रोज थोडी माती घेऊन जाणार, कुणाला न दिसता, एखादं वर्ष, पाच वर्षं. तिला ती माती दिसत होती. गढूळ, तांबूस, एखाद्या पायरीच्या सांध्यातून पाझरणारी.

तिला ती दिसत होती, पण तिला आणखीही काही दिसत होतं. भागोजीचे बाण नसते, ती स्वतः त्या दिवशी तिथे असती, तरी तिला माहीत होतं. कांड्यांच्या आधी माहीत होतं. ती सात-आठ वर्षांची असताना वाडीच्या मागे एक विहीर होती, पाच हात व्यासाची, चिऱ्यांनी बांधलेली, आणि पौषाच्या सकाळी तिच्यातून वाफ निघत असे. आई पोहऱ्यानं पाणी काढायची आणि चूल न पेटवता तसंच डोक्यावरून ओतायची, आणि ते कोमट पाणी मानेवरून पाठीत उतरायचं तेव्हा करुणाला वाटे की आपल्याला कुणीतरी पोटाशी धरलंय. पाण्याला किंचित वास होता. "भुई आतनं तापलीय," आई म्हणायची, जसं कुणी शेजारणीच्या तापाबद्दल सांगेल. पुढे अकरावीत कॉलेजचा काचेचा थर्मामीटर दप्तरात लपवून तिनं जानेवारीत दोन विहिरी मोजल्या होत्या. वरच्या आळीची सत्तावीस. वाडीची तेहतीस. वरच्या आळीच्या विहिरीवर तिला रहाटापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. एका बाईनं वरून तिच्या बादलीत पाणी ओतलं आणि तिनं ते लगेच मोजलं. तेहतीस आणि सत्तावीस. ते दोन आकडे तिच्या अकरावीच्या वहीत होते, वही घरात होती, आणि अहवाल लिहिताना तिनं ती वही काढली होती, उघडली होती आणि परत ठेवली होती. दोनच मोजमापं, चुकीच्या पद्धतीनं घेतलेली, एका मुलीनं. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट वाटतंच, हे ती दर वर्षी वर्गात शिकवत असे. विज्ञानात असलं काही धरत नाहीत. हे सगळं बरोबर होतं. तरी वही परत ठेवताना तिच्या पाठीवरून ते पाणी उतरलं होतं आणि तिनं मान झटकली होती. कांड्यांनी साडेपाच कोटी वर्षं म्हटल्यावर तिला जे रडू आलं होतं, ते आनंदाचं होतं की सुटल्याचं, हे तिनं तेव्हा तपासलं नव्हतं.

सभागृहाच्या आवारात प्रज्ञेश आधीच येऊन थांबला होता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकची फाईल. टेम्पोतून वाडीतल्या अकरा बाया आल्या होत्या आणि गुलमोहराच्या सावलीत बसून डबे सोडत होत्या. तो मुंबईत आठ वर्षं काढून परत आला, आता गावच्या हायस्कुलात लिपिक होता, आणि त्याच्या अक्षरातल्या अर्जांची फाईल आता चार बोटं जाड झाली होती.

"ताय, जेवलीस?" त्यानं विचारलं. "घावणे आणलेत. तुझ्यासाठी वेगळे, नारळाचा रस घालून. नाय म्हणू नको, शमिकाकाकी कावेल."

"आता नको. नंतर."

"घाबरलीस काय? तू तर रोज बोलतेस शंभर पोरांपुढे." तो तिच्याकडे निरखून बघत हसला. "चारच शब्द बोलायचेत. भेग मेलेली हाय. बास. मी वाडीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, मेलेल्या भेगेला काय भ्यायचं? शमिकाकाकी तर म्हणते, भेगेचा तेरावा घालूया."

सावलीतल्या बायांमध्ये हशा झाला. शमिकाकाकी, सर्वांत म्हातारी, पदरानं वारा घेत म्हणाली, "हस गो बाय जरा. नळाचा पयला हंडा तुझ्या आयशीच्या फोटोपुढं ठेवणार हावोत आमी. ठरलंय."

करुणा हसली. गालाचे स्नायू वर गेले, थांबले, खाली आले. प्रत्येक हालचाल तिला वेगळी कळली. तिनं प्रज्ञेशला कोपरानं धरून बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी नेलं. आता सांगायचं. वाक्य तयार होतं. टाकीच्या नळाला थेंब धरत होता, फुगत होता, पडत होता; तिनं सात थेंब मोजले.

"प्रज्ञेश, ती वाडीमागची विहीर आठवते तुला? कोमट पाण्याची?"

"ती? ती बुजली गो केव्हाच. मी लहान होतो. आय तुला आधी आंघोळ घालायची, मग मला." तो जरा थांबला. "गाववाले म्हणायचे, बौद्धवाडीच्या पाण्याला वास येतो."

"येत होता."

"येत होता तर. पण तवा आपल्याला वाटायचं, तो आपलाच वास." त्यानं फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आता नळ आला की बघू कोण नाक धरतंय. का गो, विहिरीचं मधीच काय काढलंस?"

तो वास गंधकाचा होता. अजून कुठेतरी खोलवर, त्या बुजलेल्या विहिरीखाली, भेगेच्या तांबड्या भिंतींमधून, तो येतच असेल. आणि ती, जिला या जिल्ह्यात तो वास ओळखण्याचंच शिक्षण मिळालं होतं, तिनं तो मेला असं लिहून दिलं होतं. असं का केलं, या प्रश्नाला भागोजीचा बाण हे उत्तर पुरत नव्हतं. तिला आईचा खुबा बुजवायचा होता. तिला ती बावीस पायऱ्यांची वाट बुजवायची होती. आणि आणखीही काहीतरी, त्या वासापाशी, त्या वरून ओतलेल्या बादलीपाशी.

"काय नाय," ती म्हणाली. आणि लगेच, "प्रज्ञेश, ऐक. मी आत जे—"

"हातकोंडवाले," दारातून शिपायानं हाक मारली, "चला, नंबर लागला." बाया उठल्या, डब्यांची झाकणं लागली, प्रज्ञेशनं शर्ट खोचला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढे घातलं, जसं लग्नात मोठ्या बहिणीला मांडवात नेतात.

आत पंखे गरम हवा ढवळत होते. समोर लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, तीन अधिकारी, पाण्याच्या बाटल्या. मधले अधिकारी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होते. सभ्य गृहस्थ, उकाड्यानं दमलेले. बाया दुसऱ्या रांगेत बसल्या, प्रज्ञेश त्यांच्या कडेला. वाट दाखवल्याप्रमाणे करुणा बाजूच्या खुर्चीवर, ध्वनिक्षेपकाजवळ. पर्स मांडीवर. आतल्या शेंडीचं वजन तिला कापडातून कळत होतं. साठ ग्रॅम, फार तर सत्तर. आधी अभियंत्यांनी नकाशा दाखवला. निळी जागा तलावाची. काळी जाड रेघ भिंतीची. भेगेसाठी तुटक रेघ होती, बारीक, आणि तिच्यापुढे कंसात दोन शब्द, 'निष्क्रिय. करुणा.' नकाशा काढणाऱ्यानं संदर्भ म्हणून तिचं नाव लिहिलं होतं, आडनावही न लिहिता, आणि घळीच्या पोटात ते तसं दिसत होतं, जागेचं नाव असावं तसं. त्याच्या खाली अर्ध्या बोटाच्या अंतरावर लहान लहान चौकोन होते. ती ते मोजू लागली. तिला तिचं घर सापडलं, डावीकडून तिसरं.

तिनं विचार केला की आज काही बोलायचं नाही, मुदत मागायची. पुन्हा कांड्या काढायच्या, या वेळी स्वतः, पुन्हा मोजायच्या. हे शास्त्राला धरून होतं आणि कुणाचं मन न मोडता होणारं होतं. पण मुदत मागितली तर अहवाल तसाच उभा राहतो, आणि उभ्या अहवालावर मंजुरी मिळते. पुढच्या महिन्यात खोदाई. सव्वीस दिवस तिनं मुदतच घेतली होती. रोज सकाळी, नऊ शेंड्या कागदावर मांडून.

"मॅडम," मधले अधिकारी चष्मा खाली ओढत म्हणाले, "आपला अहवाल आम्ही वाचला आहे. उत्तम आहे. भ्रंश साडेपाच कोटी वर्षांपूर्वी बुजला, धोका नाही, असा निष्कर्ष. त्यात काही भर घालायची आहे का, की तसाच नोंदवून घेऊ?"

ती उभी राहिली. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला खाली होता आणि तिनं तो वर केला. स्क्रू घट्ट होता, वेळ लागला. दुसऱ्या रांगेत शमिकाकाकीनं पदराचा वारा थांबवला होता. प्रज्ञेशनं पेनाचं टोपण काढून वही उघडली होती, तिचे शब्द लिहून घ्यायला.

"तसा नोंदवू नये," करुणा म्हणाली. "चौथ्या जागेच्या नमुन्यांवरच्या दिशादर्शक खुणांचं वाचन मी चुकीचं केलं आहे. सुधारित वाचनानुसार लोहखनिजांचं वय अत्यंत अलीकडचं ठरतं आणि भ्रंशातून द्रवाचं वहन चालू असण्याची शक्यता..." अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या, अभियंत्यानं नकाशाकडे पाहिलं. बायांच्या चेहऱ्यांवर काहीच हललं नाही. त्या मान किंचित पुढे काढून कौतुकानं ऐकत होत्या, नंदेची लेक कशी शुद्ध बोलते ते. प्रज्ञेशचं पेन कागदावर टेकलेलं होतं, लिहीत नव्हतं. त्याला कळलं असावं, किंवा कळायला लागलं असावं. तो तिच्याकडे बघत होता, आंघोळीला आपली पाळी यायची वाट बघत कुडकुडत उभ्या राहणाऱ्या मुलासारखा.

तिच्या मानेवरून पाणी उतरलं, कोमट, पाठीच्या कण्यातून खाली. या वेळी तिनं मान झटकली नाही. ती टेबलाकडून वळली आणि दुसऱ्या रांगेकडे तोंड करून उभी राहिली, आणि जी बोली तिनं रत्नागिरीत आल्यापासून चार माणसांत कधी तोंडातून काढली नव्हती तीत म्हणाली,

"काकी, भेग मेलेली नाय. मी चुकीचं लिवलं. आपल्या हिरीचं पाणी तिच्यातनंच यायचं, अजून येतंय. माझा कागद मी मागं घेते. हा तलाव आपल्या डोक्यावर नको."